धावता नवोदित क्वार्टरबॅक: एप्रिल ते जानेवारी आक्रमणाची तयारी

अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, ड्राफ्ट, म्हणजे विद्यापीठातल्या खेळाडूंची संघांकडून होणारी निवड, एप्रिलच्या अखेरीस होतो आणि मोसम सप्टेंबरात सुरू होतो. विद्यापीठातून नुकताच आलेला, पायात वेग असलेला क्वार्टरबॅक, म्हणजे चालीत चेंडू हाती घेऊन तो देणारा किंवा फेकणारा खेळाडू, संघाने निवडला असेल, तर मधल्या चार महिन्यांत आपले आक्रमण त्याच्याभोवती नव्याने मांडणे हे प्रशिक्षकांचे काम आहे. पुढची यादी त्या कामाची आहे. ती लिहिताना माझ्यासमोर प्रामुख्याने दोन मोसम आहेत: रॉबर्ट ग्रिफिनचा वॉशिंग्टनमधला २०१२ चा आणि लमार जॅक्सनचा बाल्टिमोरमधला २०१८ चा. दोघांनीही पहिल्याच वर्षी आपला संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत, नेला आणि दोघांचाही पहिला मोसम ६ जानेवारीला, एकाचा २०१३ मध्ये आणि दुसऱ्याचा २०१९ मध्ये, मेरीलँड राज्यातल्या घरच्या मैदानावर पराभवाने संपला. त्या दोन पराभवांची कारणे मात्र एकमेकांपासून अगदी वेगळी होती आणि तयारीत काय राहून जाते हे त्यांतून जितके स्पष्ट दिसते तितके विजयांतून दिसत नाही.

पहिले काम म्हणजे आपले प्लेबुक, म्हणजे चालींचा संग्रह, बाजूला ठेवून त्या मुलाचे विद्यापीठातले सामने पूर्ण पाहणे, आणि तिथे तो जे करत होता त्यातले काय जसेच्या तसे आणता येईल, काय नियमांमुळे बदलावे लागेल आणि काय मुळापासून शिकवावे लागेल, हे वेगवेगळे लिहून काढणे. नियमांचा भाग अनेकदा दुर्लक्षित राहतो. विद्यापीठ फुटबॉलमध्ये मैदानावरच्या मधल्या खुणांच्या दोन रांगांमध्ये ४० फुटांचे अंतर असते, तर एनएफएलमध्ये तेच अंतर १८ फूट ६ इंच आहे. त्यामुळे चेंडू जवळजवळ मैदानाच्या मधोमधच मांडला जातो आणि एका बाजूला मोकळे पडलेले जे मोठे पटांगण तो तिथे धावण्यासाठी वापरत होता, ते इथे मिळत नाही. तसेच, धावायचे की पास द्यायचा हे ऐनवेळी ठरवण्याच्या चालींत विद्यापीठाच्या लाइनमनना, म्हणजे पुढच्या रांगेत अडवणाऱ्या खेळाडूंना, पास सुटण्यापूर्वी तीन यार्ड पुढे जाण्याची मुभा असते. एनएफएलमध्ये ती एकाच यार्डाची आहे. म्हणजे ज्या चालीत तो तिथे निवांतपणे निर्णय घेत होता, त्याच चालीत इथे चेंडू कितीतरी लवकर सुटला पाहिजे. हे जूनमध्ये सांगितले नाही, तर सप्टेंबरात पंचांचे पिवळे रुमाल सांगतील.

त्यानंतर तो उभा कुठे राहणार हे ठरवावे. वॉशिंग्टनचे प्रशिक्षक असलेल्या माइक आणि काइल शॅनहन या पितापुत्रांनी २०१२ मध्ये ग्रिफिनसाठी पिस्टल रचना घेतली. ती ख्रिस ऑल्ट यांनी २००५ मध्ये नेवाडा विद्यापीठात रूढ केली होती. तीत क्वार्टरबॅक सेंटरच्या, म्हणजे पायांमधून चेंडू मागे देणाऱ्या मधल्या लाइनमनच्या, मागे सुमारे चार यार्डांवर उभा राहतो आणि चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक त्याच्या शेजारी न राहता थेट पाठीमागे राहतो. याचा फायदा असा, की धाव कोणत्या बाजूला जाणार हे रनिंग बॅकच्या जागेवरून बचावाला ओळखता येत नाही आणि शॅनहन यांची जुनी, बाजूने सरकत जाणारी धावपद्धतही मोडावी लागत नाही. सहाव्या फेरीत निवडलेला आल्फ्रेड मॉरिस त्या वर्षी १,६१३ यार्ड धावला आणि ग्रिफिन स्वतः ८१५. मला या निर्णयातले मोठे शहाणपण हे वाटते, की त्यांनी आपल्या लाइनमनना नवी भाषा शिकायला लावली नाही. नवीन होते ते फक्त क्वार्टरबॅकच्या हातातले.

आता यादीतला सर्वांत महत्त्वाचा तांत्रिक भाग, आणि तो प्रत्येक खेळाडूला, अगदी पास झेलणाऱ्या रिसीव्हरलासुद्धा, फळ्यावर मांडून दाखवावा. नेहमीच्या धावेत क्वार्टरबॅक चेंडू देऊन मोकळा होतो, म्हणजे आक्रमणाचे दहा जण बचावाच्या अकरा जणांशी झुंजतात. झोन रीड या चालीत बचावाच्या टोकाच्या एका खेळाडूला मुद्दाम अडवले जात नाही आणि क्वार्टरबॅक त्याच्याकडे पाहून निर्णय घेतो: तो आत रनिंग बॅककडे झेपावला तर चेंडू स्वतःकडे ठेवून बाहेरून धावायचे, तो जागेवर थांबला तर चेंडू देऊन टाकायचा. त्या एका खेळाडूला कोणीही हात न लावता चालीतून बाद केले जाते आणि आकडा बरोबरीचा होतो. पण बचावालाही हे गणित येते. टोकाचा खेळाडू जाणूनबुजून आत झेपावतो आणि त्याच्या मागून बचावाच्या दुसऱ्या फळीतला लाइनबॅकर वळसा घेऊन बाहेर येतो. नवोदित मुलगा चेंडू ठेवतो आणि थेट त्याच्या अंगावर जातो. यावर उपाय म्हणजे टाइट एंडने (लाइनच्या टोकाला राहून अडवणारा आणि पासही झेलणारा खेळाडू) त्या टोकाच्या खेळाडूला सोडून बाहेरून वळसा घेत लाइनबॅकरलाच गाठणे. ही मूळ चाल, तिच्यावरचे बचावाचे उत्तर आणि त्या उत्तरावरचे आपले उत्तर, असे तिन्ही भाग सराव शिबिरात एकाच दिवशी शिकवावेत. पहिला भाग जुलैत आणि तिसरा ऑक्टोबरात, असे केले तर मधले सामने मुलाच्या अंगावर जातात.

चेंडू द्यायचा की ठेवायचा त्या क्षणी दोघांचेही हात चेंडूवर असतात आणि चेंडू तिथेच निसटतो. जॅक्सनकडून २०१८ च्या नियमित मोसमात १२ वेळा चेंडू सुटला. म्हणून रोजच्या सरावाची पहिली दहा मिनिटे फक्त या देवाणघेवाणीला द्यावीत, ओल्या चेंडूनेही, आणि राखीव रनिंग बॅकबरोबरही, कारण डिसेंबरात कोण उभा असेल हे ऑगस्टमध्ये सांगता येत नाही. बाल्टिमोरमध्ये त्या वर्षी गस एडवर्ड्स हा ड्राफ्टमध्ये कोणीच न निवडलेला मुलगा सरळ, जोरकस धावेने ७१८ यार्ड मिळवून गेला. सेंटरच्या लांब स्नॅपचा, म्हणजे चेंडू मागे देण्याचा, सरावही याच दहा मिनिटांत घ्यावा. तो किरकोळ वाटतो, पण किरकोळ नाही. याविषयी पुढे येईल.

माणसांची निवड याच विचाराने व्हावी. बाल्टिमोरने २०१८ च्या ज्या ड्राफ्टमध्ये जॅक्सनला ३२ व्या क्रमांकावर घेतले, त्याच ड्राफ्टमध्ये हेडन हर्स्ट आणि मार्क अँड्र्यूज हे दोन टाइट एंड आणि ऑर्लँडो ब्राउन हा भक्कम टॅकल, म्हणजे कडेचा लाइनमनही घेतला. अडवण्यात निष्णात असलेला निक बॉइल संघात आधीपासून होता. दोन किंवा तीन टाइट एंड मैदानात असले की बचावालाही वजनदार खेळाडू आणावे लागतात आणि वेगवान मुलासमोर वजनदार माणसे येणे हेच आपल्याला हवे असते. मात्र खेळाडूंइतकेच ज्ञानही घरात असावे लागते. प्रशिक्षक ग्रेग रोमन बाल्टिमोरमध्ये २०१७ पासून होते आणि त्यापूर्वी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये, नेवाडाच्याच पद्धतीत वाढलेल्या क्वार्टरबॅक कॉलिन केपरनिकसाठी त्यांनी आक्रमण रचले होते. असा एकही माणूस कर्मचाऱ्यांत नसेल, तर तो फेब्रुवारीतच शोधावा.

चालींची नावे छोटी करावीत. दोन चालींमध्ये ४० सेकंद मिळतात आणि हेल्मेटमधला प्रशिक्षकांचा आवाज घड्याळात १५ सेकंद उरताच बंद होतो. दहा शब्दांचे नाव ऐकून, हडलमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या घोळक्यात, ते पुन्हा सांगून, रेषेवर येईपर्यंत मुलाजवळ बचाव पाहायला वेळच उरत नाही.

अनुभवी क्वार्टरबॅक अजून पहिल्या क्रमांकावर असेल, तरीही दुसरे प्लेबुक उन्हाळ्यातच पूर्ण करून ठेवावे. बाल्टिमोरचा अनुभवी क्वार्टरबॅक जो फ्लॅको २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये कमरेच्या दुखापतीने बाहेर गेला, तोवर जॅक्सन प्रत्येक सामन्यात मोजक्याच चालींपुरता येत असे. सुदैवाने पुढचा आठवडा सुट्टीचा होता. त्यानंतर १८ नोव्हेंबरला सिनसिनाटीविरुद्ध जॅक्सन पंचवीसाहून अधिक वेळा धावला, संघ २४-२१ जिंकला आणि शेवटच्या सातपैकी सहा सामने जिंकून प्लेऑफमध्ये पोहोचला. सुट्टीचा आठवडा असा नेमका वेळेवर येईल, यावर कोणत्याही संघाने विसंबू नये.

शरीराची तयारी हा भाग मी मुद्दाम लांबवणार आहे, कारण इथेच सर्वाधिक नुकसान होते. सरावात क्वार्टरबॅक वेगळ्या रंगाची जर्सी घालतो आणि त्याला कोणी पाडत नाही. त्यामुळे त्याची धाव सरावात नेहमी यशस्वी ठरते आणि ती नेमकी कुठे थांबली असती हे ना त्याला कळते ना प्रशिक्षकांना. म्हणून प्रत्येक सरावधावेच्या चित्रफितीवर त्याला धक्का कुठे बसला असता ते ठिकाण थांबवून दाखवावे. पाय पुढे टाकून घसरणे आणि सीमारेषेबाहेर जाणे हे स्वतंत्र कौशल्य मानून, आधी गादीवर आणि मग ओल्या गवतावर, रोज शिकवावे. झोन रीडमध्ये चेंडू देऊन झाल्यावरही धावण्याचा आव आणणाऱ्या क्वार्टरबॅकला बचावाचे खेळाडू धावपटू समजून पाडू शकतात. चेंडू गेला की हात वर करून मागे सरकण्याची सवय लावली, तर पंच त्याला क्वार्टरबॅकचे संरक्षण देतात.

आखलेल्या धावांची संख्या मर्यादित ठेवली की मुलगा सुरक्षित राहतो, हा समज मात्र अपुरा आहे. ग्रिफिनला २०१२ मध्ये बसलेले मोठे तडाखे पाहावेत. ऑक्टोबरात अटलांटाविरुद्ध डोक्याला मार बसला, तेव्हा पासची चाल फसल्यामुळे तो वाट काढत धावत होता. ९ डिसेंबरला बाल्टिमोरच्या हलोटी नाटाच्या तडाख्याने गुडघा दुखावला, तोही अशाच अनियोजित धावेत. ६ जानेवारीला सिॲटलविरुद्ध, गुडघा आधीच अधू असताना, सेंटरचा स्नॅप खाली आला आणि तो उचलायला वळताना पाय निकामी झाला. या तिन्हींपैकी एकही आखलेली धाव नव्हती. आखलेल्या धावेत पुढे कोण अडवणार हे मुलाला ठाऊक असते आणि तडाखा कुठून येईल याचा अंदाजही असतो. पास फसल्यावरच्या धावेत यातले काहीच नसते. म्हणून मर्यादा घालायचीच असेल तर ती अनियोजित धावेला घालावी: प्रत्येक पासच्या चालीत जवळचा, सहज सुटणारा एक पर्याय ठेवावा आणि तो दिसला नाही तर चेंडू मैदानाबाहेर फेकण्याला सरावात शाबासकी द्यावी.

राखीव क्वार्टरबॅक त्याच घडणीचा असावा, नाहीतर पहिला जखमी होताच सगळे प्लेबुक कपाटात जाते. बाल्टिमोरने २०१८ मध्ये याच कारणाने उपयोगी पडेल असा राखीव खेळाडू ठेवला होता, आणि तो होता रॉबर्ट ग्रिफिन. वॉशिंग्टनने २०२४ मध्ये नवोदित जेडेन डॅनियल्सच्या मागे मार्कस मरिओटाला ठेवले. ऑक्टोबरात कॅरोलायनाविरुद्ध डॅनियल्सच्या बरगड्या दुखावल्या, मरिओटा आत आला आणि संघ ४०-७ जिंकला. डॅनियल्सने पुढे ८९१ यार्डांसह ग्रिफिनचा नवोदित क्वार्टरबॅकचा धावविक्रम मोडला.

आता धाव अडवली जाईल त्या दिवसाची तयारी. लॉस एंजेलिसच्या चार्जर्स संघाला बाल्टिमोरने २२ डिसेंबर २०१८ रोजी २२-१० हरवले होते. त्यानंतर अवघ्या १५ दिवसांनी तोच संघ प्लेऑफसाठी आला, तेव्हा त्याने जवळजवळ प्रत्येक चालीला अकरापैकी सात डिफेन्सिव्ह बॅक, म्हणजे मागच्या फळीतले हलके, वेगवान बचावपटू, उतरवले. जॅक्सनला सात वेळा चेंडूसह मागेच पाडले गेले आणि धावफलक २३-३ असा झाला. शेवटच्या सत्रात त्याने दोन टचडाउन पास (गोलरेषेपलीकडे पोहोचून गुण मिळवून देणारे) देऊन तो २३-१७ वर आणला, पण तोवर उशीर झाला होता. वजनदार खेळाडूंसाठी बांधलेल्या आक्रमणाला हलक्या, चपळ बचावाचे उत्तर मिळाले आणि मागे पडल्यावर भराभर पास देत जाण्याची सवय त्या सात आठवड्यांत संघाला लागलीच नव्हती, कारण तो बहुधा आघाडीवरच असे. म्हणून संघ कितीही जिंकत असला, तरी आठवड्यातला एक सराव वीस गुणांनी मागे असल्याचे गृहीत धरून घ्यावा, समोर सात चपळ बचावपटू उभे करावेत आणि तिसऱ्या डाउनला, म्हणजे चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला, दहा यार्ड बाकी असताना मुलाला पास द्यायला लावावे. रोमन यांनी २०१९ मध्ये सूत्रे घेऊन सगळे आक्रमण मुळापासून रचले, तेव्हा संघ विक्रमी ३,२९६ यार्ड धावला हे सर्वांना आठवते. त्याच वर्षी जॅक्सनने ३६ टचडाउन पास दिले, हे मला त्याहून महत्त्वाचे वाटते.

शेवटची बाब सप्टेंबरच्या आधी कागदावर लिहून, सही घेऊन ठेवायची आहे: दुखावलेल्या मुलाला बाहेर काढण्याचा अधिकार कोणाचा. सिॲटलविरुद्धच्या सामन्यात वॉशिंग्टनकडे पहिल्या सत्रात १४-० अशी आघाडी होती, ग्रिफिन त्याच सत्रापासून लंगडत होता, आणि त्याला खेळत ठेवताना आपण त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला, असे माइक शॅनहन यांनी नंतर सांगितले. बाजूला राखीव क्वार्टरबॅक कर्क कझन्स होता, ज्याने डिसेंबरात त्याच्या जागी खेळून क्लीव्हलंडला ३८-२१ हरवले होते. बावीस वर्षांच्या मुलाला प्लेऑफमध्ये विचारले, तर तो खेळतो असेच म्हणणार. म्हणून हा प्रश्न त्याला विचारूच नये. त्या कागदावर डॉक्टरांचे नाव असावे आणि त्याखाली मुख्य प्रशिक्षकांची सही.