अमेरिकन पटकथाकारावर लेख लिहायचाय? आधी चार रकाने आखा

एक मोठा कागद घ्या, आडवा धरा आणि चार रकाने आखा: कधी लिहिलं, पडद्यावर कधी आलं, नाव कोणाचं लागलं, पैसे किती मिळाले. अमेरिकन पटकथाकाराचं आयुष्य लिहायला बसण्यापूर्वी एवढं कराच. जन्मगाव, आईवडील, शाळा हे सगळं नंतर.

आमच्या दिवाळी अंकाची सिनेमाची पानं मी बघते. गणपतीच्या आसपास लेख यायला लागतात आणि पटकथाकारांवरचे लेख बहुतेक एकाच साच्यातले असतात. माणसाच्या नावावरची सिनेमांची यादी इंटरनेटवरून उचलायची, सालवार लावायची, प्रत्येक सिनेमाला एक परिच्छेद द्यायचा, मधे लग्न, शेवटी ऑस्कर. दिग्दर्शकाच्या बाबतीत हे एक वेळ खपून जातं. पटकथाकाराच्या बाबतीत नाही. हॉलिवूडमध्ये लेखकाचं नाव करार, संघटना, लवाद आणि राजकारण एवढ्या चाळण्यांतून खाली येतं आणि मग पडद्यावर दिसतं. त्या यादीवर विश्वास ठेवून लिहिलेला लेख पहिल्याच वाक्यापासून वाकडा जातो.

उदाहरण म्हणून डाल्टन ट्रम्बो घेऊ. कम्युनिस्ट प्रभावाच्या चौकशीपायी तुरुंगात गेलेला आणि स्टुडिओंनी काळ्या यादीत टाकून काम नाकारल्यामुळे दुसऱ्यांच्या नावांनी लिहिणारा पटकथाकार. मुद्दामच अवघड माणूस घेतेय. याचे चार रकाने जमले तर दुसऱ्या कोणाचेही जमतील.

त्याची एकच ओळ भरून बघा. ‘रोमन हॉलिडे’. पहिल्या रकान्यात चाळीसच्या दशकाचा शेवट, म्हणजे तुरुंगात जायच्या आधीचा काळ. दुसऱ्यात १९५३. तिसऱ्यात इयान मॅक्लेलन हंटर. हा ट्रम्बोचा मित्र. ट्रम्बोवर बंदी असल्यामुळे कथा त्याच्या नावाने विकली गेली, आणि कथेचं ऑस्करही त्यालाच मिळालं. अकादमीने ते ट्रम्बोच्या नावाने दिलं १९९३ साली, त्याच्या पत्नीच्या, क्लिओच्या हाती. तोवर त्याला जाऊन सतरा वर्षं झाली होती. लेखकांच्या संघटनेने, रायटर्स गिल्डने, सिनेमाचं श्रेय दुरुस्त केलं ते आणखी उशिरा, डिसेंबर २०११ मध्ये. आता कोणी मला लिहून पाठवलं की ‘१९५३ मध्ये ट्रम्बोने रोमन हॉलिडे लिहिला आणि ऑस्कर पटकावलं’, तर त्या एका वाक्यात किती गोष्टी चुकीच्या आहेत ते तुम्हीच मोजा.

म्हणून क्रम लावायचा तो लिहिण्याच्या सालाने, प्रदर्शनाच्या सालाने नव्हे. ट्रम्बो १९५० च्या जूनपासून पुढच्या वसंतापर्यंत केंटकीमधल्या ॲशलंडच्या तुरुंगात होता, मग कुटुंबासह मेक्सिको सिटीत. प्रदर्शनाच्या सालांवर गेलात तर तो तुरुंगात असतानाही कामात गुंतलेला दिसेल आणि बाहेर राबत होता त्या वर्षांत रिकामा बसलेला.

पैशाचा रकाना बहुतेकजण कोरा सोडतात. मराठीत लेखकाच्या मानधनाबद्दल लिहायला आपल्याला संकोच वाटतो. प्रतिभेला विटाळ होतो जणू. अमेरिकन पटकथाकाराच्या बाबतीत हा संकोच सोडा, कारण हा नोकरीपेशा लेखक आहे आणि त्याची पत त्याच्या आठवड्याच्या पगारातून कळते. ट्रम्बो कोलोरॅडोतल्या माँट्रोझचा, जन्म ९ डिसेंबर १९०५. वाढला ग्रँड जंक्शनमध्ये आणि शाळेत असतानाच तिथल्या वर्तमानपत्रात बातमीदारी करू लागला. कुटुंब लॉस एंजलिसला आलं, वर्षभरात वडील गेले आणि हा एका पावाच्या बेकरीत रात्रपाळीला लागला. ती नोकरी जवळजवळ तिशी येईपर्यंत चालली. त्या काळात कथा-कादंबऱ्या लिहायचा आणि त्या साभार परत यायच्या. १९३४ मध्ये वॉर्नर ब्रदर्समध्ये वाचक म्हणून शिरकाव झाला. आलेली पुस्तकं वाचून सिनेमाजोगी आहेत का ते सांगायचं, एवढंच काम. आणि चाळीसच्या दशकात हाच माणूस एमजीएम स्टुडिओकडून आठवड्याला ३,००० डॉलर घेत होता. काळ्या यादीत गेल्यावर किंग ब्रदर्स या छोट्या निर्मात्यांसाठी त्याने ‘गन क्रेझी’चं काम केलं ते एकूण ३,७५० डॉलरांत, तेही हप्त्याहप्त्याने. पडद्यावर त्याच्याऐवजी मिलर्ड कॉफमनचं नाव. या दोन आकड्यांमधलं अंतर वाचकाला दाखवलंत की ‘अत्यंत हलाखीचे दिवस आले’ असं लिहायची गरजच उरत नाही.

बेकरीची वर्षं दोन ओळींत उरकू नका, हेही सांगून ठेवते. पुढे बंदीच्या काळात ट्रम्बो रात्ररात्र बसून, वेगवेगळ्या नावांनी, मिळेल त्या भावात पटकथा पाडत होता, त्याची मुळं त्या रात्रपाळीत आहेत. माझं हे मत आहे, पुरावा नाही. पण लेखात मत असावं आणि ते मत म्हणूनच दिसावं.

आता मधला मोठा भाग. इथे बहुतेक लेख घसरतात, म्हणून इथे वेळ घ्या.

ऑक्टोबर १९४७ मध्ये अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या समितीने हॉलिवूडमधल्या कम्युनिस्ट प्रभावाची सुनावणी घेतली. ट्रम्बोची साक्ष २८ तारखेला झाली. तिच्याबद्दल इतरांनी काय लिहिलंय ते बाजूला ठेवा आणि मूळ इतिवृत्त वाचा. इंटरनेट अर्काइव्हवर फुकट मिळतं आणि एखाद्या एकांकिकेसारखं वाचता येतं. त्यात दोन जागा आहेत, ज्या पटकथाकाराच्या चरित्रकाराने सोडताच कामा नयेत. पहिली: कम्युनिस्ट पक्षाच्या प्रश्नाच्याही आधी त्याला विचारलं गेलं की तुम्ही पटकथाकारांच्या संघटनेचे सदस्य आहात का. दुसरी: ट्रम्बो आपल्या पटकथांचा गठ्ठाच घेऊन गेला होता. यांत देशविरोधी काय आहे ते दाखवा, म्हणून त्याला त्या नोंदीत दाखल करायच्या होत्या. अध्यक्ष पार्नेल थॉमस यांनी एकेक पटकथा किती पानांची ते विचारलं आणि फार पानं आहेत म्हणून नकार दिला. लेखकाची चौकशी करायची, पण त्याचं लिखाण वाचायचं नाही! तुमचा लेख दोन हजार शब्दांचा असेल तर दीडशे या प्रसंगाला द्या.

त्याला शिक्षा झाली ती काँग्रेसच्या अवमानाबद्दल. ‘कम्युनिस्ट असल्यामुळे तुरुंगात टाकलं’ असं लेखांत सर्रास येतं. तो १९४३ पासून पक्षात होता हे खरं, पण पक्षाचा सदस्य असणं हा गुन्हा नव्हता. समितीच्या प्रश्नांना सरळ उत्तर न देणं हा गुन्हा ठरला. ‘हॉलिवूड टेन’ म्हणतात ते असे दहाजण. आणि काळी यादी सरकारने काढली नव्हती. ती स्टुडिओंच्या मालकांनी त्याच नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात बसून ठरवली. हा फरक ठेवलात तर लेखाला धार येते, कारण मग काम नाकारणारे कोण होते ते स्पष्ट दिसतं.

इथे लेखक मंडळी २०१५ चा ट्रम्बोवरचा सिनेमा बघून लिहायला बसतात. बघा जरूर, ब्रायन क्रॅन्स्टन सुरेख आहे. पण त्यातला अर्लेन हर्ड नावाचा मित्र काल्पनिक आहे, अनेकांचा मिळून बनवलेला. त्यात ट्रम्बोला तुरुंगात खुद्द पार्नेल थॉमस भेटतो. थॉमस गैरव्यवहारात तुरुंगात गेला हे खरंच घडलं, पण तो होता कनेटिकटमधल्या डॅनबरीला, आणि तिथे त्याच्या वाट्याला दहांपैकी रिंग लार्डनर ज्युनियर आणि लेस्टर कोल आले. ट्रम्बो शेकडो मैल दूर केंटकीत. सिनेमावाल्यांना असं करायची मुभा आहे. तुम्हाला नाही.

‘द ब्रेव्ह वन’ची गंमत मात्र बिनधास्त सांगा, ती जशीच्या तशी खरी आहे. मार्च १९५७ मध्ये कथेचं ऑस्कर ‘रॉबर्ट रिच’ला जाहीर झालं. असा लेखक कोणालाच ठाऊक नाही. त्याच्या वतीने पटकथाकार जेसी लास्की ज्युनियरने ऑस्करची बाहुली घेतली आणि बायको बाळंत होतेय म्हणून रिच येऊ शकला नाही असं सांगितलं. मग पत्रकारांची शोधाशोध सुरू झाली. नाव निर्मात्यांच्या एका भाच्याचं होतं, लेखन ट्रम्बोचं. त्या काळची हॉलिवूडची व्यवसायिक नियतकालिकं मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररीत वाचायला मिळतात. एखादी संध्याकाळ त्यांत घालवा, तो काळ हाताला लागतो. ट्रम्बोने हे गूढ व्यवस्थित पोसलं. विचारणाऱ्याला होही म्हणायचं नाही आणि नाहीही. जे सिनेमे आपले नव्हते त्यांच्याबद्दलही तो तसंच मोघम बोलायचा, म्हणजे सगळी यादीच संशयास्पद व्हावी. जानेवारी १९५९ मध्ये अकादमीने अशा लेखकांना ऑस्कर नाकारणारा आपला नियम मागे घेतला, तेव्हा त्याने कबूल केलं. बाहुली हातात पडली १९७५ ला.

काळी यादी कोणी मोडली, दिग्दर्शक ऑटो प्रेमिंजरने की नट-निर्माता कर्क डग्लसने, यावर दोन्ही बाजूंनी भरपूर छापून आलंय. भांडणात न पडता तारखा द्या: ‘एक्झोडस’ ट्रम्बो लिहितोय हे प्रेमिंजरने जाहीर केल्याची बातमी न्यूयॉर्क टाइम्समध्ये आली २० जानेवारी १९६० ला, त्याचं नाव असलेला सिनेमा आधी लागला तो डग्लसचा ‘स्पार्टाकस’, ऑक्टोबरमध्ये. ‘एक्झोडस’ डिसेंबरमध्ये. वाचक शहाणा असतो, तो ठरवेल.

पुतळा उभारण्याचा मोह इथे होतो. त्यावर उतारा म्हणून एक प्रसंग द्या. ट्रम्बोची ‘जॉनी गॉट हिज गन’ ही युद्धविरोधी कादंबरी १९३९ ची. अमेरिका युद्धात उतरल्यावर पुस्तक बाजारातून संपलं आणि ते पुन्हा काढायचं नाही हे त्यालाही मान्य होतं. मग नाझींशी सलगी असलेले लोक त्या पुस्तकासाठी त्याला पत्रं लिहू लागले. ट्रम्बोने एफबीआयला कळवलं आणि एजंट घरी आले. त्यांना पत्र लिहिणाऱ्यांपेक्षा ट्रम्बोमध्येच जास्त रस आहे हे त्याला उमगलं, आणि हे त्याने स्वतःच पुढे पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय. नावं सांगायला नकार दिल्याबद्दल आपण ज्याचं कौतुक करतो, त्याने आधी स्वतःहून पत्रं पुढे केली होती. हा प्रसंग गाळू नका. याने माणूस छोटा होत नाही, खरा होतो. त्याच्या १९७० च्या गिल्डमधल्या भाषणाचंही तसंच: त्या काळात खलनायक नव्हते, नायकही नव्हते, सगळे बळीच होते, असा त्याचा सूर होता. त्याचा जुना सोबती आल्बर्ट मॉल्ट्झला ते अजिबात पटलं नाही. दोघांनाही लेखात बोलू द्या.

ट्रम्बोचा स्वतःचा आवाज ऐकायचा तर त्याची पत्रं वाचा. हेलन मॅनफुल यांनी संपादित केलेला संग्रह १९७० मध्ये आला. १९४२ ते १९६२ ची पत्रं आहेत त्यात. वाण्याचं बिल, निर्मात्याशी घासाघीस, मुलाला दिलेला लांबलचक सल्ला, सगळं एकाच थाटात. त्याच्या पटकथांपेक्षा त्याची पत्रं मला सरस वाटतात, आणि असं म्हणणारी मी काही पहिली नाही. कागदपत्रं मॅडिसनला विस्कॉन्सिनच्या ऐतिहासिक सोसायटीत आहेत. भाचा-भाची तिकडे शिकायला असेल तर कामाला लावा.

आताच्या सिनेमांवर लिहिणाऱ्यांसाठी थोडं. टायटल्समध्ये दोन लेखकांच्या नावांमध्ये ‘अँड’ हा शब्द अक्षरांत लिहिला असेल तर दोघांनी वेगवेगळं काम केलं, बहुधा एकाचं दुसऱ्याने बदललं. त्याऐवजी वेटोळ्याचं ‘&’ चिन्ह असेल तर ते जोडीने बसून लिहितात. वाद झाला तर गिल्डचे तीन लवाद सगळे मसुदे वाचून निकाल देतात आणि त्यांची नावं लेखकांनाही कळत नाहीत. जुन्या सिनेमांना मात्र हा नियम लावू नका. त्यांच्यासाठी अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटचा ऑनलाइन कॅटलॉग उघडा. श्रेयावरून काय घडलं ते तिथल्या टिपांमध्ये बऱ्याचदा सापडतं.

फोटोबद्दल: बाथटबमध्ये बसून, समोर फळी टाकून लिहिणारा मिशाळ ट्रम्बो सगळ्यांना हवा असतो. तो फोटो त्याच्या मुलीने, मित्झी ट्रम्बोने काढलेला आहे. परवानगी नसेल तर पाठवू नका, आम्ही छापणार नाही.

आणि यंदा ट्रम्बो नकोच असेल, तर काळ्या यादीतलाच दुसरा पटकथाकार, मायकेल विल्सन घ्या. मराठीत त्याच्यावर माझ्या तरी वाचनात काही आलेलं नाही. ‘अ प्लेस इन द सन’साठी ऑस्कर. ‘फ्रेंडली पर्स्वेजन’, १९५६, पटकथाकाराच्या नावाविनाच प्रदर्शित. ‘ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’, जिथे त्याचं आणि कार्ल फोरमनचं ऑस्कर मूळ कादंबरीच्या फ्रेंच लेखकाला, पिएर बूलला गेलं. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’, जिथे त्याचं नाव गिल्डने १९९५ मध्ये जोडलं. तिसरा रकाना भरायला तुम्हाला आठवडा लागेल. लेख पंधराशे ते दोन हजार शब्दांचा, युनिकोडमध्ये, आणि ‘हॉलिवूडच्या झगमगत्या दुनियेत’ने सुरू झालेला नको.