सम्पचा रिटर्न पंप: लाइट गेल्यावर पाणी कुठे जातं ते आधी बघा

वर मरीन टँक म्हणजे खाऱ्या पाण्याचा माशांचा टँक, खाली सम्प (कामगारांचा नव्हे, वरून आलेलं पाणी गाळायची टाकी), आणि आता पाणी वर चढवायला पंप घ्यायचाय. सगळ्यात आधी खोक्यावरचा मोठा आकडा विसरा. तासाला ३००० लिटर लिहिलंय ना, ते शून्य उंचीला. शेजारी 'मॅक्स हेड ३ मीटर' असतं त्याचा अर्थ ३ मीटरपर्यंत पाणी मस्त चढेल असा नाही, ३ मीटरला पाणी येणं बंद होतं असा आहे, आणि हे काउंटरवर कोणी सांगत नाही.

सम्पमधल्या पाण्यापासून टँकमधल्या पाण्यापर्यंतची उभी उंची टेपने मोजा, घरगुती स्टँडला साधारण एक ते सव्वा मीटर भरते, एल्बो आणि व्हॉल्व्हसाठी अर्धा मीटर वर धरा, मग पंपाच्या कागदावरच्या ग्राफमध्ये तेवढ्या उंचीला किती पाणी येतंय ते बघा. टँकच्या तिप्पट ते पाचपट पाणी तासाला फिरलं की झालं. ४ बाय दीड बाय दीड फुटाचा टँक म्हणजे अंदाजे २५५ लिटर, त्याला खरोखरचे हजार लिटर पुरतात. दहापट पाहिजे म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका, लाटा करायला वेव्हमेकर आहे, इथे नुसता आवाज आणि बुडबुडे वाढतील.

डीसी पंप घ्या जमलं तर. स्पीड कमी-जास्त करता येतो आणि पाणी कमी तापतं, जे एप्रिल-मेमध्ये चांगलंच जाणवतं.

पाइप पंपाच्या आउटलेटपेक्षा बारीक नको. ९० अंशाच्या एका एल्बोऐवजी ४५ चे दोन. पंपाजवळ युनियन (फिरवून सुटणारा जोड) आणि बॉल व्हॉल्व्ह, पंप आणि पाइपच्या मध्ये वीतभर सिलिकॉन होज म्हणजे घरघर स्टँडला लागत नाही. पाइप जोडायचं सोल्युशन लावलं की दिवसभर सुकू द्या. आणि हार्डवेअरवाला 'हा मजबूत आहे' म्हणत पितळी आट्यांचा एल्बो पुढे करेल, तो परत द्या, पितळेत तांबं असतं आणि कोरल-कोळंबी तांब्याने मरतात.

आता खरी गोची. लाइट गेली की पंप थांबतो, पण पाइपातलं पाणी थांबत नाही, ते उलटं सायफन होऊन खाली यायला लागतं आणि टँकमधलं नोझल, म्हणजे पाइपाचं तोंड, उघडं पडेपर्यंत येतच राहतं. माझं नोझल पाण्याखाली ३ इंच होतं. ४ बाय दीडच्या टँकमध्ये एक इंच म्हणजे १४ लिटर, ३ इंच म्हणजे ४२, आणि सम्पमध्ये जागा होती जेमतेम २५ ची. मी निर्धास्त, कारण पाइपात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने सोडणारी झडप) बसवला होता. पावसाळ्यात रात्री दोनला लाइट गेली, सकाळी खालच्या काकू दारात, म्हणे आमच्या हॉलच्या छतातून खारट पाणी ठिबकतंय, चाखून बघितलं होतं त्यांनी. व्हॉल्व्ह उघडला तर झडपेखाली ज्वारीच्या दाण्याएवढी गोगलगाय अडकलेली. बास. एवढ्याने झडप अर्धवट उघडी राहिली आणि दोन घरांची रंगरंगोटी माझ्या अंगावर आली.

तेव्हापासून नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर माझा काडीचा विश्वास नाही. बसवायचा तर बसवा, पण तो नाहीच असं समजून हिशोब करा. नोझल पाण्याच्या जेमतेम एक-दीड सेंटीमीटर खाली ठेवा. शिवाय टँकच्या आतल्या पाइपला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली ५-६ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे पातळी तिथवर उतरली की हवा शिरते आणि सायफन तुटतो. एक नको, दोन पाडा, शेवाळाने एक बुजतंच.

मग टेस्ट. पंप बंद असताना, वरचं जेवढं यायचं तेवढं खाली आल्यावर, सम्प काठाच्या दोन इंच खालपर्यंत भरा. पंप चालू करा, पाणी स्थिर झालं की सम्पच्या ज्या कप्प्यात पंप आहे त्या रिटर्नच्या कप्प्यावर मार्करने रेघ मारा. टॉपअप करताना या रेघेच्या वर कधीही जायचं नाही, पाहुणे येणार आहेत म्हणूनसुद्धा नाही. नंतर प्लग काढून किमान तीनदा बघा, आणि प्रत्येक वेळी परत लावल्यावर पंप आपणहून उचलतोय ना तेही.

वायरला प्लगच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळ बोर्डात जाणार नाही. ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच.

तीन-चार महिन्यांनी युनियन सोडून पंप बाहेर काढा, पांढरं व्हिनेगर आणि पाणी अर्धं-अर्धं करून त्यात तासभर चालवा, इम्पेलर (आतला फिरणारा पंखा) जुन्या टूथब्रशने घासा, आणि हात ओले आहेतच तर वरच्या त्या दोन भोकांतही टूथपिक घालून घ्या.