वेबसाइट आहे, पण इन्क्वायरी येत नाही? प्रॉपर्टीच्या मजकुरातल्या या चुका टाळा

'वाकडमध्ये 2 बीएचके फ्लॅट शोधताय? वाकडमधील 2 बीएचके फ्लॅटसाठी वाकडमधल्या विश्वासू 2 बीएचके एजंटकडे या.' हा नमुना मुद्दाम रचलाय, पण पुण्यातल्या एजंटांच्या साइट चाळा, याची सख्खी भावंडं जागोजागी भेटतील. असे कीवर्ड, म्हणजे लोक शोधताना टाकतात ते शब्द, कोंबणं गूगलच्या नियमांत सरळ स्पॅममध्ये मोडतं. त्याहून वाईट म्हणजे एवढं वाचूनही गिऱ्हाइकाला फ्लॅटबद्दल काहीच कळत नाही.

पोर्टलच्या मैदानात उतरणं

'2 बीएचके इन वाकड' टाकलं की वरती नाइन्टीनाइन एकर्स, मॅजिकब्रिक्स, हाउसिंग असली पोर्टल्स दिसतात. त्यांच्याकडे जाहिरातींचा ढीग असतो. दहा पानांच्या साइटने त्याच शब्दांसाठी झटापट करण्यात अर्थ नाही. पोर्टल जे सांगत नाही ते लिहा. सकाळी नऊला भूमकर चौक पार करायला किती वेळ लागतो? उन्हाळ्यात टँकर येतो का? दुसरी गाडी कुठे लावायची? तुमच्याकडे फोन घेणारा मुलगा हेच दिवसभर सांगत असतो. आठवडाभर ते प्रश्न त्याला वहीत लिहून ठेवायला सांगा. लोक गूगलवरही जवळपास त्याच शब्दांत विचारतात, त्यामुळे महागड्या कीवर्ड टूलची गरज त्यानंतर पडली तर पडली.

रिसेलच्या फ्लॅटचा मजकूर साधारण असा हवा (आकडे नमुन्याचे):

'सातवा मजला, पूर्वेकडे तोंड. कार्पेट 640 चौरस फूट, बाल्कन्या वेगळ्या. कव्हर्ड पार्किंग एक. मेंटेनन्स महिना 3,200. पाणी महापालिकेचं, एप्रिल-मे महिन्यांत टँकर येतो. भोगवटा प्रमाणपत्र आहे, सोसायटी नोंदलेली आहे, कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) बाकी.'

टँकरचं लिहायचं? माझ्या मते हो. त्या कारणाने जो पळणार आहे तो साइट व्हिजिटला येऊनही पळेल, वर तुमचं पेट्रोल जाईल.

नाव बदलून तीच पानं

वाकडचं पान लिहिलं, मग शब्द बदलून ताथवडे, पुनावळे, रावेत. तीच 'उत्तम कनेक्टिव्हिटी', तीच 'शाळा आणि हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर'. अशा पानांना गूगल डोअरवे पेजेस म्हणतं आणि तीही स्पॅममध्येच धरतं. एआयकडून एका दुपारी तीस पानं काढून घेतली तरी हाच प्रकार. ज्या भागात खरोखर सौदे करता, तेवढ्याच तीन-चार भागांवर लिहा.

महारेराची ओळ विसरणं

वेबसाइट हीही जाहिरातच. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम 11 नुसार प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता लागतो, आणि 1 ऑगस्ट 2023 पासून महारेराने क्यूआर कोडही सक्तीचा केला आहे. एजंटने स्वतःचा नोंदणी क्रमांकही द्यावा. हे क्रमांक चित्रात न टाकता अक्षरांत लिहा, कारण सावध गिऱ्हाईक प्रकल्पाचं नाव आणि रेरा नंबर एकत्र टाकून शोधतं. क्षेत्रफळ कार्पेटमध्येच द्या, 'सेलेबल'चा (जिना-लॉबीचा वाटा धरलेला) मोठा आकडा दाखवून भुलवू नका. जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून कुणी पैसे भरले आणि नुकसान झालं, तर कलम 12 खाली भरपाई किंवा व्याजासह रक्कम परत मागता येते. 'मेट्रोपासून पाच मिनिटं' लिहिण्याआधी एकदा चालून बघा.

सगळं ब्रोशरमध्ये

किंमत, फ्लोअर प्लॅन, सुविधा हे सगळं एका जेपीजीत. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला ते ठीक, पण चित्रातल्या अक्षरांवर गूगलचा भरवसा ठेवू नका. तोच तक्ता मजकुरात द्या आणि फोटो हलके करा. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, अशी गूगलची अपेक्षा असते.

शिळी पानं

'ताबा डिसेंबर 2022' अजून झळकतोय. कुठे बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर 12 टक्के जीएसटी लिहिलेला सापडतो. 1 एप्रिल 2019 पासून बिल्डर तो 5 टक्के लावतात, परवडणाऱ्या घरांवर 1, दोन्ही इनपुट क्रेडिटशिवाय (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट न घेता). कर आणि मुद्रांक शुल्काच्या प्रत्येक पानावर शेवटची दुरुस्ती कधी केली ती तारीख टाका.

विकलेल्या फ्लॅटचं काय? बरेच जण अशी सगळी पानं होमपेजकडे वळवतात. गूगल त्याला बहुधा 'सॉफ्ट 404' (पान नसल्यातच जमा) समजतं, म्हणजे फायदा शून्य. त्यापेक्षा प्रत्येक सोसायटीचं एक कायमचं पान करा आणि तिथले उपलब्ध फ्लॅट त्यावर लावत-काढत राहा. फ्लॅट विकला जातो, पण सोसायटीच्या नावाने शोधणारे येतच राहतात. छोट्या एजंटने एकच काम करायचं म्हटलं, तर मी हे सांगेन.

एवढं करूनही पान दिसत नसेल तर

सर्च कन्सोल या गूगलच्या टूलमध्ये पानाचा पत्ता टाकून तपासा. 'नोइंडेक्स' (हे पान शोधात दाखवू नका अशी खूण) दिसलं तर साइट बनवणाऱ्याने वर्डप्रेसमधली सर्च इंजिनला मज्जाव करणारी टिकमार्क काढायची राहिली असेल. 'क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' असं आलं तर गूगलने पान पाहिलं, पण साठवलं नाही. अशा वेळी आधी मजकूरच तपासा.

इम्प्रेशन आहेत, म्हणजे शोधात पान दिसतंय, पण क्लिक नाहीत? शीर्षक बघा, तिथे नुसतं 'होम' असेल. क्लिक आहेत पण फोन नाही? 'प्राइस ऑन रिक्वेस्ट' काढून निदान किमतीची रेंज द्या. आणि तुमचा नंबर बॅनरच्या चित्रात अडकलाय का तेही पाहा. मोबाइलवर त्याला बोट लावून कॉल लागत नाही.