चलन कोसळताना सरकारनं टाळायच्या चुका : श्रीलंकेनं मोजलेली किंमत

डॉलर महागतोय, बंदरात कंटेनर अडकलेत, बँका एलसी (आयातीच्या पैशांची बँकेनं दिलेली हमी) उघडून द्यायला तयार नाहीत. अशा वेळी विकसनशील देशाच्या सरकारला पहिली गोष्ट सुचते ती डॉलरचा दर धरून ठेवण्याची. श्रीलंकेनं 2021-22 मध्ये तेच केलं, आणि माझ्या मते पुढचं बरंचसं नुकसान या एका हट्टानं ओढवलं.

दर गोठवू नका

सप्टेंबर 2021 पासून मध्यवर्ती बँकेनं डॉलरचा भाव 200 ते 203 श्रीलंकन रुपयांवर अडवून धरला. त्या भावाला डॉलर मिळणं मात्र दुरापास्त झालं. आखातात राबणाऱ्या कामगाराचा हिशेब बघा. बँकेतून 100 डॉलर पाठवले तर घरी 20 हजार रुपये. हवालावाल्याकडून (तिकडे त्याला उंडियल म्हणतात) 24 हजारांच्या आसपास. मुलांची फी भरायची असेल तर माणूस कुठला रस्ता धरेल? डिसेंबरात बँकेमार्फत पाठवणाऱ्यांना डॉलरमागे 10 रुपये जादा देऊ केले, पण तफावत त्याहून कितीतरी मोठी होती. 2020 मध्ये अधिकृत मार्गानं 7.1 अब्ज डॉलर आले होते. 2021 मध्ये आले 5.5 अब्ज. हा पैसा धाकदपटशानं परत येत नसतो. बँकेचा दर बाजाराच्या जवळ आला, की हवालावाल्याकडे जायचं कारणच उरत नाही.

गंगाजळीचा वरवरचा आकडा धरून बसू नका

2021 संपताना श्रीलंकेची गंगाजळी (देशाकडचा परकीय चलनाचा साठा) 3.1 अब्ज डॉलर दिसत होती. त्यातला जवळपास निम्मा भाग चीनसोबतच्या युआन स्वॅपचा (दोन मध्यवर्ती बँकांमधली चलनाची तात्पुरती अदलाबदल), आणि तो वापरायला अटी. थायलंडनं 1997 मध्ये हाच घोळ घातला होता: वरून 30 अब्जांहून अधिक, पण फॉरवर्ड सौद्यांची, म्हणजे पुढच्या तारखेला डॉलर द्यायच्या करारांची, देणी वजा केली तर 3 अब्जही नाहीत. विचारायचा प्रश्न एकच, आज हातात खर्चता येतील असे डॉलर किती?

कर्जफेडीचा मान औषधांच्या आधी ठेवू नका

18 जानेवारी 2022 ला श्रीलंकेनं 50 कोटी डॉलरचे रोखे फेडले. कर्जाची पुनर्रचना करा, असं तिथले अर्थतज्ज्ञ तोवर सांगून थकले होते. 12 एप्रिलला परतफेड थांबवावीच लागली. मे महिन्यात अर्थमंत्री अली साबरी यांनी संसदेत सांगितलं, की वापरता येण्याजोगे 5 कोटी डॉलरही शिल्लक नाहीत. जानेवारीतले ते डॉलर तेव्हा इंधन आणि औषधांसाठी हवे होते. कर्ज देणाऱ्यांशी बोलणी गंगाजळी असताना सुरू करायची असतात, ती संपल्यावर नव्हे.

आयातबंदीचंही तसंच. मे 2021 मध्ये रासायनिक खतांची आयात बंद केली. सेंद्रिय शेतीचं कारण पुढे केलं असलं, तरी डॉलर वाचवण्याचा हिशेबही त्यात होताच. भाताचं पीक घसरलं, तांदूळ बाहेरून आणावा लागला, डॉलर कमावून देणाऱ्या चहालाही फटका बसला.

दर सोडायचा तर बाकीची तयारी करून सोडा

7 मार्च 2022 ला दर सैल केला, पण त्यामागे ना आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा (आयएमएफ) कर्ज-कार्यक्रम होता, ना पुरेसे व्याजदर. मेपर्यंत डॉलर 360 रुपयांवर गेला. मध्यवर्ती बँकेचे नवे गव्हर्नर नंदलाल वीरसिंघे यांनी 8 एप्रिलला व्याजदर एका फटक्यात 7 टक्के बिंदूंनी वाढवले. हेच काम दर सोडायच्या दिवशी व्हायला हवं होतं. भारतानं त्या वर्षी सुमारे 4 अब्ज डॉलरची मदत केली, म्हणून इंधन आणि अन्नाची जहाजं येत राहिली. नाणेनिधीची मंजुरी मिळाली ती थेट मार्च 2023 मध्ये. तोवर, सप्टेंबर 2022 मध्ये, कोलंबोतली महागाई 70 टक्क्यांच्या घरात जाऊन आली होती.

इंधनाच्या रांगा मात्र क्यूआर कोडच्या नॅशनल फ्युएल पासनं आवरल्या. प्रत्येक गाडीला आठवड्याचा ठरलेला कोटा, पंपावर कोड दाखवायचा. ही सोय 2022 च्या जुलैअखेर सुरू झाली. माणसं त्याआधी कित्येक महिने, दिवसदिवस पंपावर उभी होती आणि काही जण त्या रांगेतच दगावले.