नव्या उबुंटूवर पॅकेज उतरायला वेळ लागतोय? मिररला लगेच हात लावू नका

विंडोज १०चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि जुन्या मशीनवर उबुंटू ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून द्या म्हणणारे वाढले. नवी पेठेतलं दुकान असो की जुळे सोलापुरातलं घर, तक्रार एकच येते: "यूट्यूब झकास चालतंय, पण अपडेट जागचं हलत नाही." तोवर कुणीतरी 'मिरर बदल' सांगून मोकळं झालेलं असतं. मिरर म्हणजे पॅकेजं, अर्थात ॲप्स आणि अपडेट्सच्या फाइली, जिथून उतरतात तो सर्व्हर. तो बदलणं हे शेवटचं काम. आधी गाडी अडकलीय कुठे ते बघा.

वेग खरंच कमी आहे का? ४० एमबीपीएसच्या प्लॅनवर सेकंदाला जास्तीत जास्त ५ एमबी उतरतात, कारण प्लॅनचा आकडा बिटमध्ये असतो आणि टर्मिनलमधला (कमांड टाइप करायच्या खिडकीतला) बाइटमध्ये, आणि आठ बिटचा एक बाइट. चारच्या पुढे दिसत असेल तर काही बिघडलेलं नाही.

फायरफॉक्स आणि ॲप सेंटरमधली बरीच ॲप्स स्नॅप, म्हणजे वेगळ्या प्रकारची पॅकेजं असतात. ती स्नॅप स्टोअरमधून येतात, त्यांचा मिररशी काडीचा संबंध नाही. म्हणून तपासणी टर्मिनलमध्येच करायची: सुडो आप्ट अपडेट (sudo apt update). आप्ट म्हणजे उबुंटूची पॅकेजं उतरवणारा प्रोग्राम.

आता सगळ्यात खालच्या ओळीवर नजर ठेवा. या टप्प्याने मला फार छळलंय, म्हणून सविस्तर सांगतो. तिथे वेग दिसतोय पण अगदीच किरकोळ, ही एक गोष्ट. 'कनेक्टिंग टू' किंवा 'वेटिंग फॉर हेडर्स'वर ओळ गोठून बसली, ही वेगळीच. 'कनेक्टिंग'च्या पुढे कंसात सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता येतो. त्यात टिंबं असतील तर तो आयपीव्ही४, म्हणजे जुन्या पद्धतीचा, आणि दोन-दोन टिंबांच्या विसर्गासारख्या खुणा असतील तर आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा. गोठलेल्या ओळीत आयपीव्ही६चा पत्ता दिसला की पहिला संशय तिथेच घ्यायचा.

राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड टाकावा लागतो ते फायबर कनेक्शन बहुधा पीपीपीओई नावाच्या जोडणी-पद्धतीचं असतं. त्यातून एका वेळी १५०० नाही, १४९२ बाइटचंच पॅकेट (डेटाचा तुकडा) जातं. आयपीव्ही६मध्ये वाटेतला राउटर मोठं पॅकेट तोडत नाही. 'लहान करून पाठव' असा निरोप सर्व्हरला उलट धाडतो. तो निरोप एखाद्या फायरवॉलने अडवला, की सर्व्हर तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. जोडणी झालेली दिसते, पण डेटा येत नाही.

खात्री करायला सेटिंग्जमध्ये नेटवर्क, तिथल्या गिअरवर क्लिक, आयपीव्ही६चा टॅब, डिसेबल, अप्लाय. कनेक्शन बंद करून पुन्हा चालू करा आणि तीच कमांड द्या. सुरळीत चाललं तर दोष सापडला. मग आयपीव्ही६ परत चालू करा! कायमचं बंद करून टाका हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. दुरुस्ती राउटरमध्ये आहे: वॅनच्या (इंटरनेट जोडणीच्या) पानावर एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, १४९२ करा, एमएसएस क्लॅम्पिंगचा (दोन्ही टोकांना आधीच लहान पॅकेट पाठवायला लावणारा) पर्याय असेल तर चालू करा. राउटरचा पासवर्ड ऑपरेटरकडे असेल तर त्याला नेमकं हेच सांगा, 'नेट स्लो आहे' म्हणून काही होत नाही. तो दाद देत नसेल तर फक्त आप्टपुरतं 'फोर्स आयपीव्ही४' लावा, बाकी मशीनला धक्का नको.

आयपीव्ही४वरही वेग किरकोळच राहिला, तर मिरर. सॉफ्टवेअर अँड अपडेट्स हे ॲप, त्यात डाउनलोड फ्रॉम, अदर, सिलेक्ट बेस्ट सर्व्हर. निवडलेला मिरर ताजा आहे का ते लाँचपॅड या उबुंटूच्या साइटवरच्या मिररच्या यादीत बघा. मागे पडलेला मिरर वेगवान असून उपयोग काय? सिक्युरिटी अपडेट्सचा सर्व्हर मात्र आहे तोच राहू द्या. डीएनएस बदलून डाउनलोडचा वेग वाढतो म्हणणाऱ्यांचं ऐकू नका: डीएनएस नावावरून पत्ता शोधून देतं, फाइल वाहून आणत नाही. आणि वेग वाढवतो म्हणून कुणी दिलेली अनोळखी स्क्रिप्ट सुडो लावून चालवणं म्हणजे घराची किल्ली परक्याच्या हाती देणं.

डाउनलोड चालू असताना कंट्रोल-सी दाबलं तरी चालतं, आप्ट अर्धवट फाइल पुढे तिथूनच उतरवतं. 'अनपॅकिंग' सुरू झाल्यावर मात्र हात लावायचा नाही. विजेचा भरवसा नसेल आणि डेस्कटॉपला यूपीएस नसेल, तर 'डाउनलोड ओन्ली' पर्याय लावून आधी सगळी पॅकेजं उतरवून ठेवा, इन्स्टॉल नंतर करा.