काश्मीर ते कन्याकुमारी सायकल मोहीम : शेवटचे चार दिवस कसे पार पाडावेत

श्रीनगरहून कन्याकुमारीला निघणाऱ्या सायकल गटांची तयारी पाहिली, तर पहिल्या आठवड्याचा विचार फार बारकाईने केलेला दिसतो. बनिहालकडची चढण, जम्मूपर्यंतची थंडी आणि पंजाब-हरियाणातले पहाटेचे धुके यांवर बैठका झडतात. शेवटच्या आठवड्याबद्दल मात्र ‘तिथवर पोहोचलो की झालेच’ एवढ्यावर भागवले जाते. मी ज्या मोहिमांत सहभागी झालो, त्यांत गटाची खरी परीक्षा मदुराईच्या पुढे झाली. महिनाभराच्या श्रमाने शरीर थकलेले असते, सायकलीचे भाग झिजलेले असतात, घराची ओढ लागलेली असते आणि परतीचे तिकीट खिशात असते. या सगळ्यांचा ताण एकाच वेळी येतो आणि एरवी समंजस असलेली माणसेही त्या दिवसांत घाई करतात. त्यामुळे मोहिमेचा शेवट स्वतंत्रपणे आखावा आणि ही आखणी निघण्यापूर्वीच करावी, असे माझे ठाम मत आहे.

या मोहिमेचा रस्ता म्हणजे श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४. तो देशातील सर्वांत लांब महामार्ग असून त्याची लांबी सुमारे ३,७४५ किलोमीटर आहे. रोज १२० किलोमीटरच्या हिशेबाने ३१-३२ दिवस होतात. त्यात विश्रांतीचे चार आणि राखीव असे दोन दिवस धरावेत. हे दोन राखीव दिवस वाटेत कोठेही खर्च करू नयेत, ते मदुराईपर्यंत जपून न्यावेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निघालेला गट दक्षिणेत पोहोचतो, तेव्हा तेथे ईशान्य मोसमी पाऊस सुरू असतो. आपल्याकडे ‘परतीचा पाऊस’ म्हणजे पावसाळ्याचे शेपूट. तमिळनाडूत मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर हाच मुख्य पावसाळा असतो, हे महाराष्ट्रातले गट हमखास विसरतात. १७ आणि १८ डिसेंबर २०२३ रोजी तिरुनेलवेली आणि तूत्तुकुडी जिल्ह्यांत झालेल्या अतिवृष्टीने ताम्रपर्णी नदीला महापूर आला आणि रस्ते व रेल्वे दोन्ही बंद पडले. असा प्रसंग दरवर्षी येत नाही. परंतु दिवसभर थांबावे लागेल एवढा पाऊस सहज येतो. परतीचे तिकीट पोहोचण्याच्या दुसऱ्याच दिवसाचे काढले असेल, तर गट अशा पावसातही सायकली दामटत राहतो. तिकीट किमान दोन दिवस पुढचे असावे.

सायकलींची शेवटच्या टप्प्यासाठीची तयारी नागपूरला करावी. तेथवर सुमारे २,००० किलोमीटर झालेले असतात आणि अजून १,७०० राहिलेले असतात. सुटे भाग मिळतील अशी मोठी बाजारपेठ तेथे आहे आणि मराठी कारागिराशी सविस्तर बोलताही येते. प्रत्येकाची चेन ‘चेन चेकर’ लावून, म्हणजे चेन किती ताणली आहे ते दाखवणाऱ्या पट्टीने, तपासावी. ताणलेली चेन तशीच पुढे नेली, तर ती कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरील दातेरी चक्रांच्या संचाचे, दात खाते आणि मग नवी चेन बसवूनही ती दातांवरून सटकत राहते. मागच्या चाकावर जास्त भार असल्याने मागचा टायर आधी झिजतो. तो चौकोनी दिसू लागला असेल, तर तेथेच बदलावा. ब्रेक पॅडही बदलून घ्यावेत. ‘आता थोडेच राहिले आहे, चालेल तेवढे चालवू’ हा विचार नागपूरला केला, तर त्याची किंमत तमिळनाडूतील सेलमच्या आसपास मोजावी लागते.

पंक्चरबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण शेवटच्या दिवसांत गटाचा सर्वाधिक वेळ त्यातच जातो. ट्रकचा टायर फुटला की त्यातील पोलादी तारांचे तुकडे उडून कडेच्या पट्टीवर, म्हणजे नेमके सायकलस्वाराच्या वाटेत साचतात. ही तार केसापेक्षा थोडीच जाड असते. ती टायरमध्ये शिरली की हवा एकदम जात नाही. अर्ध्या-पाऊण तासाने चाक जड लागू लागते. ट्यूब बदलली, तरी तार टायरमध्येच राहिलेली असते आणि पाच किलोमीटरवर नवी ट्यूबही जाते. म्हणून जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधावे, ते व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते पाहावे, तीच जागा टायरवर धरून टायर आतून बाहेर उलटावा आणि बोटाच्या पेराने अगदी हळू चाचपावे. बोटाला टोचले की बारीक टोकाच्या चिमट्याने, भुवया कोरण्याच्या असतो तशा, तार धरून ती घुसली त्याच दिशेने सरळ ओढावी. आमच्या गटात असा एक चिमटा पंपाला दोऱ्याने बांधलेला असे आणि त्याच्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी नव्हती.

आता प्रत्यक्ष आखणी. मदुराई ते कन्याकुमारी हे अंतर सुमारे २४५ किलोमीटर आहे. पुष्कळ गट पहिल्या दिवशी तिरुनेलवेली गाठतात, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर, आणि दुसऱ्या दिवशी उरलेले ८५ संपवतात. कागदावर ही विभागणी सुटसुटीत दिसते. पण ती करू नये. मदुराईला एक पूर्ण दिवस विश्रांती घ्यावी. त्यानंतर पहिल्या दिवशी कोविलपट्टी, दुसऱ्या दिवशी तिरुनेलवेली ओलांडून वळ्ळियूर आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कन्याकुमारी, असे सुमारे शंभर, शंभर आणि चाळीस किलोमीटरचे टप्पे करावेत. शेवटचा टप्पा चाळीसचा असला, की गटातील सर्वांत मंद स्वारही दहा-साडेदहापर्यंत सहज पोहोचतो आणि कोणाला दोन पंक्चर झाली तरी दुपार हाती राहते. त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. ८५ किलोमीटरच्या टप्प्यात काही बिघडले, तर शेवटची माणसे अंधारात येतात आणि ज्या क्षणासाठी महिनाभर पाय मारले, त्या क्षणी बाकीचे जेवून झोपलेले असतात. हे मी पाहिले आहे आणि ते फार वाईट वाटते.

या पट्ट्यातील खाणेपिणे सायकलस्वाराला अनुकूल आहे. सकाळी इडली आणि पोंगल, दुपारी केळीच्या पानावरचा भात आणि शेवटी दहीभात. पोटाला त्रास नाही आणि मीठही पुरेसे जाते. कोविलपट्टीची शेंगदाण्याची चिक्की, जिला तेथे कडलै मिठाई म्हणतात आणि जिला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती प्रत्येकाने जर्सीच्या खिशात ठेवावी. लोणावळ्याची चिक्की खाऊन वाढलेल्या माणसाला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. रस्त्यावर हिंदीचा फारसा उपयोग होत नाही. पाण्यासाठी ‘तण्णी’, जेवणासाठी ‘सापाडु’ आणि किंमत विचारण्यासाठी ‘एव्वळवु’ एवढे तीन शब्द सर्वांनी पाठ करावेत. ते उच्चारल्यावर समोरच्याचा चेहरा खुलतो आणि पुढचे सर्व खुणांनी भागते.

गटाची रचना शेवटच्या तीन दिवसांत बदलावी. महिनाभर वेगवान मंडळी पुढे आणि मंद मंडळी मागे असे चालले असेल, तरी मदुराईनंतर चार-चार जणांच्या तुकड्या कराव्यात आणि प्रत्येक तुकडीचा वेग तिच्यातील सर्वांत थकलेल्या माणसाने ठरवावा. दर २० किलोमीटरवर सर्वांनी थांबायचे, डोकी मोजायची आणि मागचा शेवटचा माणूस येऊन पाणी पिऊन झाल्यावरच पुन्हा निघायचे. मागचा माणूस आला की पुढचे लगेच उठतात, ही चूक जवळपास प्रत्येक गटात होते. त्यामुळे ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज असते, त्यालाच ती मिळत नाही.

तिरुनेलवेलीनंतर नांगुनेरी, वळ्ळियूर, पणगुडी अशी गावे लागतात, उजव्या हाताला सह्याद्रीची दक्षिणेकडील शेवटची टोके दिसतात आणि पवनचक्क्यांची रांग सुरू होते. आरलवायमोळीच्या खिंडीतून येणारा वारा येथे एवढा जोरदार असतो, की मुप्पंदल परिसरात देशातील एक मोठा पवनऊर्जा प्रकल्प उभा राहिला आहे. हिवाळ्यात वारा बहुधा ईशान्येकडून, म्हणजे डाव्या बाजूने आणि थोडा पाठीमागून येतो. जून ते सप्टेंबर या काळात तो पश्चिमेकडून उजव्या अंगावर आदळतो. अशा वाऱ्यात शेजारून ट्रक गेला की क्षणभर वारा अडतो, सायकल आपोआप ट्रकच्या बाजूला झुकते आणि ट्रक पुढे सरकताच झोत परत येऊन तिला कडेला ढकलतो. हँडल घट्ट आवळून न धरता कोपर सैल ठेवावे, पुढच्या सायकलपासून एरवीपेक्षा दुप्पट अंतर ठेवावे आणि सामान गटासोबतच्या मदतीच्या वाहनात टाकून सायकल हलकी करावी.

कावलकिणरू येथे रस्ता फुटतो. उजवीकडचा आरलवायमोळीवरून नागरकोइलला जातो आणि महामार्ग ४४ कन्याकुमारीकडे जातो. आमचे दोघे जण पुढे जाण्याच्या भरात नागरकोइलच्या रस्त्याला लागले. त्यांच्या फोनची बॅटरी संपलेली होती आणि आम्ही दोन तास त्या फाट्यावर उभे होतो. त्यानंतर मी प्रत्येक मोहिमेत येथे सक्तीचा थांबा ठेवतो. हा थांबा दुसऱ्याही कारणाने सोयीचा आहे. येथून पुढे गटाने एकत्रच जायचे असते. सर्वांत थकलेल्या दोघांना पुढे ठेवावे, बाकीच्यांनी त्यांच्या मागे ओळीने राहावे आणि मदतीचे वाहन सर्वांच्या मागे चालवावे. गावाच्या तोंडाशी शर्यत लावण्याची ऊर्मी काही जणांना येतेच. ती रस्त्यावर रोखता येत नाही, म्हणून आदल्या रात्री वळ्ळियूरला जेवताना याविषयी स्पष्ट बोलून घ्यावे.

नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत शबरीमलैचे यात्रेकरू मोठ्या संख्येने कन्याकुमारीला येतात. त्यामुळे निवासाची नोंदणी महिनाभर आधी करावी आणि किनाऱ्याजवळच्या अरुंद रस्त्यांवर सायकलीवरून उतरून चालावे. विवेकानंद शिलास्मारकाकडे जाण्यासाठी बोट आहे. समुद्र खवळलेला असला की ती बंद ठेवतात, म्हणून ही भेट दुसऱ्या दिवशीवर ठेवावी. १९७० मध्ये पूर्ण झालेल्या या स्मारकासाठी अमरावती जिल्ह्यात जन्मलेले एकनाथ रानडे यांनी देशभर निधी गोळा केला होता. विदर्भातून जाणाऱ्या आपल्या रस्त्याचे हे टोक त्या अर्थाने परके नाही.

पोहोचल्याच्या दिवशी तीन कामे उरकावीत. पहिले, सर्वांची तपासणी. हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर झाले असेल, तर ते तळहातावरील सततच्या दाबामुळे असते आणि बरे व्हायला काही आठवडे लागू शकतात. बधिरपणा जात नसेल किंवा पकड ढिली वाटत असेल, तर घरी गेल्यावर डॉक्टरांना दाखवावे. बैठकीच्या जागी सोलवटले असेल, तर ती जागा धुऊन कोरडी ठेवावी आणि सायकलची चड्डी त्या दिवसापासून घालू नये. दुसरे, सायकलींची रवानगी. रेल्वेने पाठवायच्या असतील, तर पार्सल ऑफिसात गाडीच्या वेळेच्या बरेच आधी जावे, टायरमधील हवा कमी करावी, पॅडल काढून फ्रेमला बांधावे, मागच्या डिरेलरभोवती, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेभोवती, पुठ्ठा गुंडाळावा आणि नाव, फोन व पोहोचण्याचे स्थानक लिहिलेल्या चिठ्ठ्या दोन ठिकाणी चिकटवाव्यात. पॅडल सोडवताना डावीकडचे आटे उलटे असतात, हे लक्षात ठेवावे. पावतीचा फोटो गटातील दोघांकडे असावा.

तिसरे काम हिशेबाचे. घरी गेल्यावर पाहू म्हटलेला हिशेब महिनोन्‌महिने रेंगाळतो आणि चांगल्या मित्रांमध्ये अकारण कडवटपणा येतो. त्याच संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून डिझेल, मुक्काम, दुरुस्ती आणि जेवण यांची वही मोठ्याने वाचावी, प्रत्येकाचे देणे-घेणे तेथेच मिटवावे आणि वाहनचालकाला ठरलेल्या पैशांव्यतिरिक्त सर्वांनी मिळून काही द्यावे, कारण तो महिनाभर ताशी वीसच्या वेगाने आपल्या मागे आलेला असतो. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला त्यालाही किनाऱ्यावर घेऊन जावे.