स्वतःतली कला सापडणाऱ्या विद्यार्थ्याची कादंबरी कशी लिहावी

'एका विद्यार्थिनीला आपल्यातली सर्जनशीलता गवसते' या कल्पनेवरचे बहुतेक खर्डे एकाच जागी अडतात. मुलगी गुणी आहे असं इतर सगळी पात्रं सांगत राहतात, पण तिने केलेलं काम पानावर कधी दिसतच नाही. १३ ते १७ वर्षांच्या वाचकाला ही पोकळी लगेच जाणवते. म्हणून आधी कथानक रचू नका. तिच्या हातून काय काय घडणार, ते ठरवा.

त्यासाठी कला नेमकी निवडा. 'तिला चित्रकला आवडते' एवढ्यावर कादंबरी उभी राहत नाही. पेन्सिलने माणसांचे चेहरे काढणं, चाकावर भांडी घडवणं, तबला, कविता, यांतलं एकच काही घ्या. त्या कलेत नवशिक्या कुठे चुकतो, का चुकतो आणि ती चूक कशाने सुटते, हे तुम्हाला ठाऊक नसेल तर लिहिण्याआधी निदान महिनाभर स्वतः हात चालवा. वाचून शब्द मिळतात. पण तळहाताची करंगळीकडची कड कागदावर घासून काळी होते आणि मग तीच पुढच्या कोऱ्या भागावर डाग पाडते, हे केल्यावरच लक्षात येतं. असे तपशील वाचकाचा विश्वास मिळवून देतात.

चेहरे काढणारी मुलगी घेऊ. नवशिक्या माणूस डोळे हमखास फार वर काढतो. प्रत्यक्षात टाळूपासून डोळ्यांपर्यंत जेवढं अंतर असतं, साधारण तेवढंच डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत असतं. म्हणजे डोळे डोक्याच्या जवळपास मध्यावर येतात. चूक होते कारण आपलं सगळं लक्ष डोळे, नाक, ओठ यांच्याकडे असतं. कपाळ आणि केसांच्या भागात बघण्यासारखं काही नाही असं वाटतं आणि हात तो भाग आक्रसून टाकतो.

या एका चुकीत कादंबरीची तीन प्रकरणं आहेत. मुलगी आजीचा चेहरा काढते. रेषा नीट आल्या आहेत, पण ती आजी वाटत नाही आणि का वाटत नाही तेही कळत नाही. पुढे कुणाकडून तरी ती पेन्सिल समोर धरून अंगठ्याने माप घ्यायला शिकते. पहिल्यांदा तेही फसतं, कारण मध्येच कोपर वाकतं आणि पेन्सिल डोळ्याजवळ आली की माप बदलतं. नंतर ती हात ताठ ठेवते, आजी हलू नये म्हणून तिला बोलण्यात गुंतवते, पुन्हा मोजते आणि डोळे खाली सरकवते. आता आजी ओळखू येते. 'प्रतिभा' हा शब्द कुठेही न वापरता वाचकाने ती वाढताना पाहिली. शिवाय त्या मापाच्या निमित्ताने मुलीने आजीकडे पूर्वी कधी पाहिलं नव्हतं तेवढा वेळ पाहिलं. ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोलाची आहे.

मग अशा पाच कामांची यादी करा. प्रत्येकाखाली चार ओळी लिहा: काय केलं, कशासाठी केलं, काय बिघडलं, कुणी पाहिलं. पहिलं काम बहुधा कुणाची तरी नक्कल असतं. दुसरं स्वतःचं, पण लपवून ठेवलेलं. तिसरं झेपण्यापेक्षा मोठं आणि म्हणून कोसळणारं. चौथं कौतुक मिळवण्यासाठी केलेलं, सफाईदार आणि निर्जीव. पाचव्यात ती जोखीम घेते. क्रम बदलला तरी चालेल, पण प्रत्येक कामातली चूक आधीच्या चुकीहून वेगळी हवी. तीच चूक पुन्हा आली तर गोष्ट जागच्या जागी घुटमळते.

चौथं काम लेखक सर्रास गाळतात आणि मग कादंबरी नुसती कौशल्य शिकण्याची हकीकत होते. मुलीचा हात बसला आहे, शाबासकी कशाला मिळते हेही कळलं आहे आणि ती तेच पुन्हा पुन्हा करते आहे. सगळे खूश आहेत, ती नाही. इथे पहिल्यांदा प्रश्न पडतो की यात माझं काय आहे? या प्रकरणाला भरपूर जागा द्या. ते घाईत उरकलं तर पाचवं काम कुठून आलं, हे वाचकाला कळणार नाही.

लांबी सुमारे ४५,००० शब्द धरा. दीड हजार शब्दांचं एक अशी तीस प्रकरणं होतात. पहिलं काम दुसऱ्या प्रकरणातच दाखवा, कोसळणारं काम पंधराव्याच्या आसपास, सफाईदार काम विसाव्याच्या पुढे. कथेचा काळ एक शैक्षणिक वर्ष ठेवला तर हात सुधारणं पटण्यासारखं होतं आणि परीक्षांच्या तारखांमुळे वेळेचा ताण वेगळा निर्माण करावा लागत नाही.

निवेदन प्रथमपुरुषी ठेवलं तर एक अडचण येते. मुलगी स्वतःचं चित्र चांगलं म्हणाली तर बढाई वाटते, सतत वाईट म्हणाली तर रड. म्हणून तिला मत देऊ देऊ नका, काय केलं ते सांगू द्या आणि मत दुसऱ्याच्या कृतीतून येऊ द्या. 'सर म्हणाले, तुझ्यात काहीतरी विलक्षण आहे' हे वाक्य कुठल्याही कादंबरीत बसेल, म्हणून ते काढा. त्याऐवजी असं लिहा: 'सरांनी चित्र उचलून खिडकीपाशी नेलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "हा कान एवढा काळा का केलास?"' आता तिला उत्तर द्यावं लागेल. त्या उत्तरातून ती कळेल.

शिक्षक सर्वज्ञ नको. त्यांनाही एक मर्यादा द्या. समजा त्यांना स्वच्छ, नेटकं कामच आवडतं. मग पाचव्या कामाच्या वेळी ते तिच्या बाजूने नसतील आणि निर्णय तिला एकटीला घ्यावा लागेल. आईवडिलांना खलनायक करू नका. वेळ, गुण, पुढचं पोट, ही त्यांची काळजी खरी असते. एकदा तरी त्यांचं म्हणणं बरोबर ठरू द्या.

शेवट स्पर्धेच्या निकालावर आणणं टाळा. निकाल परीक्षकांच्या हातात असतो, त्यामुळे ऐन मोक्याच्या क्षणी नायिका नुसती वाट पाहत बसते. स्पर्धा हवीच असेल तर ती आधी उरका. शेवटच्या प्रकरणात तिने काहीतरी ठरवलेलं किंवा केलेलं असू दे.

संवादांत आजच्या मुलांचे चालू शब्द भरू नका, ते दोन-तीन वर्षांत शिळे होतात. अर्धी वाक्यं, मध्येच बदलणारा विषय, उत्तर देण्याऐवजी उलटा प्रश्न, यांतून वय ऐकू येतं. प्रत्येक संवाद मोठ्याने वाचून पाहा.

रोज ५०० शब्द लिहिले तर ९० दिवसांत पहिला खर्डा होतो. तोवर मागे वळून दुरुस्त्या करू नका. खर्डा तीन-चार आठवडे बाजूला ठेवा, मग 'अचानक', 'आतून' आणि 'जाणवलं' हे शब्द शोधा. जिथे 'अचानक तिला सुचलं' असेल, तिथे आदल्या दिवशी तिच्या हातांनी काय केलं होतं ते लिहा. सुचण्याचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

शेवटी नात्यातली नसलेली चार-पाच मुलं वाचायला निवडा. 'आवडलं का?' विचारू नका, कारण 'हो'च म्हणतील. पुस्तक खाली ठेवावंसं कुठे वाटलं आणि पानं कुठे उडवली, तिथे पेन्सिलने खूण करायला सांगा. दोघांची खूण एकाच पानावर आली तर ते पान पुन्हा लिहा. मुलं सुचवतील तो उपाय अनेकदा चुकीचा असतो, पण जागा बहुधा अचूक दाखवतात. आणि कलेची प्रकरणं त्या कलेतल्या जाणत्या माणसाला वेगळी वाचायला द्या.